फोनवरचं उसनं रूटपण

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे, म्हणून डेस्कटॉपवरची सुरक्षेची साधनं फोनवर तशीच चालतील असं वाटतं. चालत नाहीत. अँड्रॉइडमध्ये डेस्कटॉपवरची ग्लिबसी ही सी लायब्ररी नाही, बायोनिक आहे. डेबियनसाठी बांधलेला प्रोग्राम तिथे अडतो. टर्मक्स हे टर्मिनल अ‍ॅप आपली पॅकेजं अँड्रॉइडसाठी वेगळी कंपाइल करतं आणि सुरक्षेच्या साधनांसाठीचं अख्खं काली लिनक्स हवं असेल तर प्रूट लागतं.

या प्रूटवर माझा फार जीव आहे. प्रोग्रामचे सिस्टिम कॉल ते वाटेत अडवतं, फाइलचा पत्ता बदलतं आणि पुढे सोडतं. 'हूअ‍ॅमआय' विचारलं की उत्तर येतं, रूट. पण कर्नलच्या लेखी आपण एक साधं अ‍ॅपच असतो. एनमॅप हा पोर्ट तपासणारा प्रोग्राम चालवला की हे उघडं पडतं. खरं रूट असेल तर एनमॅप सिन पॅकेट पाठवतो, उत्तर ऐकतो आणि जोडणी पुरी न करताच निघून जातो. त्यासाठी रॉ सॉकेट लागतं, ते अ‍ॅपला मिळत नाही. प्रूटमध्ये तर एनमॅपचीही फसगत होते. 'अनप्रिव्हिलेज्ड' असं त्याला बजावून सांगावं लागतं. मग तो मुकाट्याने कनेक्ट स्कॅन करतो, प्रत्येक उघड्या पोर्टाशी पुरी जोडणी करून.

डेस्कटॉपवर सुडो लिहून पुढे जाणाऱ्याला हा फरक वर्षानुवर्षं जाणवत नाही. कोणतं साधन कर्नलकडे नेमकं काय मागतं, हे फोनच्या नकारातून कळतं. म्हणून शिकायला येणाऱ्या मुलांना मी रूट न केलेल्या फोनवरच सुरुवात करायला लावतो.

हवेतली सगळी पॅकेट ऐकणाऱ्या वायफायच्या मॉनिटर मोडचा मोह सगळ्यांनाच होतो. २०१४ मध्ये नेक्सस फोनांसाठी आलेल्या काली नेटहंटरने ती वाट दाखवली: बदललेला कर्नल आणि ओटीजी केबलला जोडलेला अडॅप्टर. रूटशिवाय ते होत नाही. त्यासाठी बूटलोडर उघडताना फोनमधला डेटा पुसला जातो आणि पुढे बँकेची अ‍ॅप्स अनेकदा चालायला नकार देतात. तेव्हा हा खेळ जुन्या, वेगळ्या फोनवरच करावा.

कनेक्ट स्कॅनला मात्र फोन कधीच अडवत नाही, कुणाच्याही नेटवर्कवर. तिथे परवानगी मालकाचीच लागते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली परवानगीशिवाय, अप्रामाणिक हेतूने केलेल्या घुसखोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. घरच्या राउटरपासून सुरुवात करा; बाहेरच्या कुठल्याही नेटवर्कला हात लावण्याआधी लेखी होकार घ्या.