गुहागर ते कऱ्हाड : गाडीच्या खालून

रस्त्याची ओळख करून घेण्याच्या रीती पुष्कळ आहेत. कोणी पायी जातो, कोणी एस.टी.च्या खिडकीशी बसतो, कोणी घरबसल्या नकाशा पसरतो. आणखी एक रीत आहे. ती जराशी मळकट आहे, पण खोटे बोलत नाही. गाडीच्या पुढच्या चाकाशेजारी पाठ टेकून निजायचे आणि वर पाहायचे. रस्त्याने आपल्याशी कसा व्यवहार केला, त्याचा सारा जमाखर्च तेथे लोखंडात आणि रबरात मांडलेला असतो.

आमच्या रस्त्याला जुने लोक अजून ‘गुहागर-विजापूर रस्ता’ म्हणतात. विजापूर राहिले दूर. आमचा संबंध कऱ्हाडपर्यंतचा. गुहागरच्या वाळूपासून निघायचे, शृंगारतळी, मार्गताम्हाने करीत सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवर चिपळूण गाठायचे, बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा महामार्ग ओलांडायचा आणि पोफळीवरून कुंभार्ली घाट चढायचा. माथ्यावर आले की हेळवाक, कोयनानगर, मग पाटण आणि शेवटी कऱ्हाड. सगळे मिळून दीडशे किलोमीटरांच्या आतबाहेर. पण एवढ्यात जमीन दोनदा रंग बदलते. खाली तांबडा जांभा, वर काळा कातळ. आणि कऱ्हाडला पोचलात की दोन्ही बाजूंना ऊस.

पावसाचे तर विचारू नये. कोयनानगरला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. एवढे पाणी ज्या डांबरावरून वाहते त्याची अवस्था आश्विनात काय होत असेल, हे सांगायला इंजिनिअर नको. खड्डा पाण्याने भरलेला असला म्हणजे त्याची खोली चाक आत गेल्यावरच कळते.

आमची गाडी मारुती ८००. १९८३ च्या डिसेंबरात ह्या गाडीची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. आमची २००८ सालची. पंधरा वर्षे भरल्यावर पुढच्या पाच वर्षांची नोंदणी करून घेतलेली. चाके अवघी बारा इंची. मोठ्या चाकाला जो खड्डा नुसता दचका, तो बारा इंची चाकाला विहीर.

यंदा नवरात्र उलटले आणि गाडीच्या पुढच्या डाव्या अंगातून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. ब्रेक लावला की गाडी किंचित डावीकडे ओढायची. एरवी दिवाळीनंतर पाहू म्हणून विषय संपला असता. पण शेजारच्या तात्यांची हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती. कऱ्हाडच्या इस्पितळात सोमवारी दाखल व्हायचे होते, आणि तात्यांना नेण्याचे काम माझ्याकडे होते.

तात्यांची उभी हयात एस.टी.च्या डेपोत मिस्त्रीकामात गेली. डॉक्टरांनी त्यांना जिना चढायचीही बंदी केली होती. मी त्यांना म्हटले, “तात्या, चिपळुणाहून भाड्याची चांगली मोठी गाडी सांगतो.”

तात्या म्हणाले, “सांग की. पण तिच्या खाली कोण बघितलंय?”

ह्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. संध्याकाळी अंगणात खुर्ची आली, खुर्चीत तात्या आले आणि परीक्षा सुरू झाली.

परीक्षा साधी असते, घरच्या घरी होते. चाक जॅकवर उचलायचे. मग दोन्ही हातांनी टायर वरखाली धरून हलवायचे. हलले, तर खालचा सांधा किंवा बेअरिंग झिजलेले. दोहोंतले कोणते, ते ओळखायला आत एकाने ब्रेकचे पेडल दाबून धरायचे. हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा, चालूच राहिले तर सांध्याचा. टायर डावीउजवीकडे धरून हलवले आणि ढिले लागले, तर बहुधा स्टिअरिंगचा टाय-रॉड एंड गेलेला. मिस्त्री लोक ह्या ढिलेपणाला ‘प्ले’ म्हणतात. आमच्या डाव्या चाकाला वरखाली चांगलाच प्ले होता आणि ब्रेक दाबूनही तो जाईना. तात्यांनी खुर्चीतूनच निकाल दिला, “बॉलजॉइंट गेला. बारचे बुशही बघ.”

ह्या गाडीच्या पुढच्या चाकांची योजना मॅक्फर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची. फोर्ड कंपनीने १९५० साली इंग्लंडात आपल्या मोटारींना ती लावली आणि पुढे जगभरच्या लहान गाड्यांनी उचलली. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात बसवायचे, आणि खाली चाकाला धरून ठेवायला एकच आडवा हात ठेवायचा. त्या हाताच्या बाहेरच्या टोकाला बॉलजॉइंट असतो. आपल्या खांद्यात जशी उखळीत गोटी फिरते तशीच ही पोलादी गोटी. म्हणून चाक वळतेही आणि वरखालीही होते. एक लांब वाकवलेला बार गाडीच्या रुंदीभर जाऊन दोन्ही हातांत रबरी बुशांतून अडकतो. तो वळणावर गाडीला कलू देत नाही, शिवाय हाताला मागेपुढे सरकू देत नाही. बुश झिजले की ब्रेक लावताच चाक मागे सरकते आणि गाडी एका अंगाला जाते. ढिला बॉलजॉइंट मात्र ओढाताण करून थांबत नाही. तो निखळला की चाकच कलंडते. कुंभार्ली घाटात, दरीच्या बाजूला, असे काही व्हावे आणि मागच्या सीटवर तात्या असावेत, ही कल्पनाही नको वाटली.

अशा चाकावर पंचेचाळीस किलोमीटर चिपळूणला गॅरेज गाठणेही शहाणपणाचे नव्हते. म्हणून सामानच घरी बोलावले. दोन्ही बाजूंचे नवे हात, बुश आणि स्प्लिट पिना दुकानदाराने दुपारच्या एस.टी.त घालून दिल्या. दोन्ही बाजूंचे अशासाठी, की दोन्ही चाकांनी रस्ता एकच पाहिलेला असतो.

रात्री गंजक्या बोल्टांवर तेल सोडून ठेवले. सकाळी मागच्या चाकांना लाकडाची उटी लावली, पुढच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले आणि मग जॅक लावला. आमच्याकडे जांभ्याच्या चिऱ्यांना तोटा नाही. गाडीखाली दोन चिरे सरकवावेत असा मोह कोणालाही होईल. पण चिरा वजनाखाली आगाऊ सूचना न देता फुटतो. तात्यांनी डेपोतल्या जुन्या मित्राकडून लोखंडी घोडी मागवून घेतली होती. गाडी त्यांच्यावर टेकली, तात्यांनी मला ती हलवून पाहायला लावली, आणि मगच खाली जायची परवानगी दिली.

बारच्या टोकाचा नट मुकाट्याने सुटला. आतला बोल्ट कुरकुरत सुटला. बॉलजॉइंट आवळून धरणारा बोल्ट मात्र तासभर हटून बसला. “घाई करू नको. थोडा आवळ, मग सोड. पुन्हा आवळ, पुन्हा सोड,” तात्या सांगत होते. मध्येच ते उठायला निघाले तेव्हा काकूंनी स्वयंपाकघरातून नुसते “अहो!” म्हटले, आणि ते बसले. शेवटी बोल्ट निघाला. पहारीने हात खाली दाबला तसा सांधा सुटून माझ्या छातीवर तांबडा चिखल सांडला.

तो हात मी तात्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला. बॉलजॉइंटवरची रबरी टोपी फाटली होती. पावसाने आतले ग्रीस धुऊन नेले होते आणि त्याच्या जागी जांभ्याची बारीक माती जाऊन बसली होती. सहाणेवर खोड उगाळावे तशी ती पोलाद उगाळीत होती. तात्यांनी गोटी बोटांनी फिरवून पाहिली आणि म्हणाले, “टोपी दोन आण्याची, पण ती गेली की सगळं गेलं. डॉक्टरही मला असंच काहीसं सांगत होते.”

नवा हात बसवताना दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. बॉलजॉइंटच्या दांड्याला एक खाच असते. दांडा पुरता आत गेल्याखेरीज आवळण्याचा बोल्ट त्या खाचेतून पार होत नाही. म्हणजे बोल्ट सहज गेला तर समजावे, सांधा नीट बसला. दुसरी गोष्ट, आतल्या रबरी बुशाचा बोल्ट चाक अधांतरी असताना आवळून टाकू नये. गाडी चाकांवर उभी करावी, तिचे वजन बसू द्यावे, मग आवळावे. नाही तर रबर पिळलेल्या स्थितीतच अडकते आणि वर्षाच्या आत फाटते. वरच्या खांबाच्या मधल्या नटाला मात्र मी हात लावला नाही. त्याखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. योग्य शिकंजा नसताना तो नट सोडणे म्हणजे तोफेच्या तोंडाशी बसणे.

सूर्य कलता कलता दोन्ही बाजू झाल्या. दुसऱ्या दिवशी मी एकटाच सावकाश चिपळूणला जाऊन चाकांची अलाइनमेंट करून आलो. आवाज नव्हता, ओढ नव्हती.

सोमवारी पहाटे निघालो. भातकापणीचा वास सुटला होता. पोफळीला उजाडले. घाटात तात्या डोळे मिटून बसले. मला वाटले, झोप लागली. पण प्रत्येक वळणावर त्यांची मान किंचित डाव्या चाकाकडे कलायची. ते ऐकत होते. माथ्यावर सोनकी पिवळीधमक फुलली होती. हेळवाकला कोयना पूर्वेकडे वळते, आणि रस्ताही तिच्याबरोबर वळतो.

ह्या नदीचे मला नेहमी नवल वाटते. धरणात अडवलेल्या तिच्या पाण्याचा एक वाटा बोगद्यांतून पोफळीला उतरतो, वीज देतो, वाशिष्ठीत मिसळतो आणि दाभोळच्या खाडीतून आमच्याच तालुक्याच्या कडेने अरबी समुद्रात जातो. उरलेला वाटा कऱ्हाडला कृष्णेला भेटून बंगालच्या उपसागराची वाट धरतो.

इस्पितळात नाव नोंदवून झाल्यावर तात्यांनी प्रीतिसंगम पाहायचा हट्ट धरला. डॉक्टरांनी तासभर दिला. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी आम्ही टेकलो. कृष्णा आणि कोयना येथे समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एकत्र पूर्वेला वळतात. तात्या बराच वेळ पाण्याकडे पाहत होते. मग म्हणाले, “नवे बोल्ट दोन-तीनशे किलोमीटरांनी बसतात. परत जाताना एकदा पाना लावून बघ. मी सांगेन कुठे थांबायचं ते.”

शस्त्रक्रिया बुधवारी झाली. अकराव्या दिवशी परत निघालो तेव्हा तात्यांनी हेळवाकच्या चहाच्या टपरीशी गाडी थांबवायला सांगितली. मी पथारी टाकून खाली निजलो आणि एकेका बोल्टाला पाना लावला. एकही हलला नाही. बाहेर तात्या छातीशी उशी धरून उभे होते.

“काय?” त्यांनी विचारले.

“जागच्या जागी आहेत,” मी म्हटले.

“मग चल,” तात्या म्हणाले, “पुढे घाट उतरायचाय.”