तिरफळाच्या झाडावरचा पाहुणा

गेल्या वर्षी वर्षावासाच्या दिवसांत आम्ही मुलांना घेऊन आंबोली घाटाच्या पायथ्याशी मामांच्या वाडीवर गेलो होतो. एस. टी.तून उतरलो ते भिजतच. घरामागे ओढा, पलीकडे जंगल आणि मध्ये तिरफळाचे उंच झाड. खोडावर हे जाडजाड काटे! मामी म्हणाल्या, "पोरांका काटे लागतत. आता ह्यां तोडूकच होया. काजीची कलमां लावूया."

तिसऱ्या दिवशी ऊन पडले. ओढ्यावरून एक फुलपाखरू आले. आकार तळहाताएवढा, काळसर पंखांवर मोरपिसासारखा निळा-हिरवा रुंद पट्टा, मागे दोन शेपट्या. क्षणभर बसेल तर शपथ! सरळ तिरफळाच्या शेंड्याकडे गेले.

आमच्या थोरलीने पुस्तकात शोधले. मलबार बँडेड पीकॉक. शास्त्रीय नाव पॅपिलिओ बुद्धा. वेस्टवुड या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८७२ साली ते दिले. केरळात याला 'बुद्धमयूरी' म्हणतात आणि २०१८ साली त्या राज्याने याला राज्य फुलपाखराचा मान दिला. पश्चिम घाट सोडला तर जगात ते कोठेही नाही. अळीचे अन्न म्हणजे तिरफळाचा पाला. पावसात झाड पालवले की मादी अंडी घालते.

नाव ऐकून मामींनी हात जोडले, पण लगेच म्हणाल्या, "नाव चांगला आसा, पण नावान पोट भरना नाय." त्यांचेही खोटे नव्हते.

संध्याकाळी बांगड्याच्या आमटीसाठी मामांनी आकडीने एक फांदी ओढली. घोस काढताना पानांवर अळ्या दिसल्या. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी, त्यामुळे पक्षी तिला खात नाही. मोठी मात्र पानासारखी हिरवीगार. धाकट्याने काडी लावताच तिने डोक्यामागून दुहेरी शिंगासारखा अवयव बाहेर काढला आणि असा उग्र वास आला की पोरगा चार पावले मागे! मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मामांनी अळ्यांची पाने आमटीच्या घोसापासून वेगळी केली आणि झाडाच्या बेचक्यात नेऊन ठेवली.

रात्री जेवताना तोडण्याचा विषय पुन्हा निघाला. मामा एवढेच म्हणाले, "रवांदे यंदा."

निघताना मामींनी गेल्या वर्षीच्या सुक्या तिरफळांची पुडी हातात दिली. काजूची कलमे पडवीत तशीच होती.