सोबत्याची सोबत

आमच्या घरात सध्या दोन पंचांगं चालतात. एक भिंतीवरचं, चंद्राच्या चालीनं जाणारं. त्यात एकादशी असते, पोळा असतो. दुसरं मायच्या फाईलमधलं, दर एकवीस दिवसांनी फिरून येणारं. त्यात केमोचं सलाईन लावायचा दिवस असतो, रक्त तपासायचा दिवस असतो, आणि दोन्हींच्या मधे पांढऱ्या पेशी उतरण्याचा नाजूक काळ असतो. त्या दिवसांत कपाळ जरा गरम लागलं तरी घर रात्रभर जागं राहतं. हे दुसरं पंचांग मी पुण्यात राहून पाळते.

माय हदगावला. कयाधू पैनगंगेला मिळते तो आमचा मुलूख. नदी ओलांडली की उमरखेड, म्हणजे विदर्भ लागला. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, आणि हळद शिजायला लागली की शिवारभर पसरणारा तिचा उग्र, ओला वास. औषधांमुळे मायला तो वास आता सोसत नाही, आणि जन्मभर हळदीत हात पिवळे केलेल्या बाईला याचंच जास्त वाईट वाटतं.

आमच्याकडे कॅन्सर म्हटलं की पूर्वी एकच नाव तोंडी यायचं, मुंबईचं टाटा. परळला १९४१ साली उभं राहिलेलं ते रुग्णालय मराठवाड्याच्या घराघरांत ठाऊक आहे. नांदेडहून देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसायचं, रात्र काढायची, आणि सकाळी अनोळखी शहरात फाईल छातीशी धरून उतरायचं. २०१२ साली छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं आणि ही वाट बरीच आखडली. तरी हदगावच्या माणसाला आधी नांदेड गाठावंच लागतं. रेल्वेनं कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपरच्या भाड्यात पूर्ण माफी दिली आहे, आणि बरोबरच्या माणसाला ७५ टक्के. तो नियम वाचला तेव्हा मला भरून आलं. हा आजार एकट्यानं निभत नाही, हे तो नियम लिहिणाऱ्याला कळलेलं होतं.

मायच्या सोबतीला वहिनी असते. पिशवीत बायोप्सीचा रिपोर्ट, रेशनकार्ड, आधारकार्ड, पाण्याची बाटली आणि डब्यात मऊ भात. मायच्या तोंडाला फोड आले की मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, फणीत केसांचा पुंजका आला की तो मायच्या नजरेआधी उचलून टाकणं, हे सगळं तिनंच करायचं. मी फोन लावते तेव्हा माय म्हणते, “मी बरी हाव. तू काय खायलीस ते सांग.” मायचा आवाज मला फसवू शकतो. खरी खबर वहिनीच्या आवाजात असते. ती लवकर फोन ठेवायला लागली की समजावं, रात्र जड गेली.

गावात आजारी माणसाला भेटायला न जाणं म्हणजे नातं तोडणं. म्हणून सगळे येतात. लेकराबाळांसकट, खोकल्यासकट, प्रेमानं येतात. मायच्या पेशी उतरलेल्या असताना हेच प्रेम धोक्याचं. पण दारात उभ्या असलेल्या चुलत सासूला वहिनी “येऊ नका” कसं म्हणणार? तिला त्याच गल्लीत राहायचं आहे, उद्याच्या लग्नात त्याच बायकांच्या पंगतीत बसायचं आहे. मग तो वाईटपणा मी घेतला. एकेका घरी फोन केला. “काकू, डॉक्टरांनी मना केलंय, मीच वहिनीला कुणाला आत घेऊ नको म्हणून सांगितलंय, राग माझ्यावर धरा.” काही जणी रागावल्या. रागावू देत. त्यांचा राग पुण्यापर्यंत येतो आणि थकतो. गल्लीत राहिला असता तर वहिनीला रोज पाणी भरताना भेटला असता.

लांब असण्याचं दुःख मी पुष्कळ कवटाळलं. आता त्या अंतराचा उपयोग करते. पुढच्या तारखा मी लक्षात ठेवते, उपचाराच्या योजनेच्या मंजुरीसाठी फोन मी करते, ताप शंभराच्या वर सरकला तर रात्री गाडी कुणाची मिळेल हे आधीच ठरवून ठेवते. नाजूक दिवसांत जमेल तशी रजा घेऊन येते आणि वहिनीला चार दिवस माहेरी पाठवते. मायच्या उशाशी बसायची माझी ओढ खरी आहे, पण तिथं रोज बसणारं माणूस मोडू नये ही गरज त्या ओढीपेक्षा मोठी आहे.

माझ्यासारखी कितीतरी लेकरं पुण्यात, मुंबईत, परदेशात असतील. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आई कशी आहे हे जरूर विचारा. पण त्याआधी, जिनं फोन उचललाय तिला विचारा, ती जेवली का, झोपली का, तिचं काय दुखतंय. आणि तिनं काही सांगितलं, तर ते काम त्याच दिवशी करा.