सोयरे शब्द

परकी भाषा शिकणाऱ्या माणसास अनोळखी शब्दांची भीति वाटते. ही भीति बहुतेक अनाठायीं असते. अनोळखी शब्द भेटला कीं आपण थबकतों, कोश उघडतों, कोणाला तरी विचारतों. म्हणजे सावध होतों. घात होतो तो ओळखीच्या शब्दानें. उत्तरेकडे गेलेल्या आपल्यापैकीं एखाद्या गृहस्थास तेथील कचेरीवर ‘शिक्षा विभाग’ अशी पाटी दिसली म्हणजे तो क्षणभर चपापतो; आणि ‘यातायात पोलीस’ ही पाटी तर त्याला सर्वस्वीं यथार्थच वाटते! मराठी आणि हिंदी या बहिणी खऱ्या. पण बहिणींच्या घरीं भांडीं सारखीं दिसलीं तरी त्यांत शिजतें तें एकच असेल असा भरंवसा नाहीं.

फ्रेंच मनुष्य इंग्रजी शिकूं लागला म्हणजे त्याच्यावर हा प्रसंग पदोपदीं येतो, आणि व्यापारी इंग्रजी शिकूं लागला म्हणजे तर फारच. गेलीं दहा-बारा वर्षें ल्यों शहरीं संध्याकाळच्या वर्गांत मी नोकरपेशाच्या लोकांना पत्रव्यवहाराचें इंग्रजी शिकवितों. मराठी मनुष्यानें फ्रेंच लोकांना इंग्रजी शिकवावें हें ऐकून वाचकांस हंसूं येईल. माझ्या विद्यार्थ्यांनाही पहिल्या दिवशीं येतें. परंतु इंग्रजी ही माझ्याही घरची भाषा नव्हे, त्यांच्याही नव्हे. त्यामुळें ती वाटेंत कोठें ठेंच लावते हें माझ्या इंग्रज सहकाऱ्यांपेक्षां मला पुष्कळदां आधीं कळतें, असा माझा आपला समज आहे.

गंमत अशी कीं हे शब्द मूळचे फ्रेंचांचेच. १०६६ सालीं नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंडच्या गादीवर बसला आणि पुढें कित्येक पिढ्या तेथल्या दरबारांत व न्यायालयांत फ्रेंच भाषेचा अंमल चालला. खटल्याचें कामकाज इंग्रजींत बोलावें असा कायदा व्हावयास १३६२ साल उजाडावें लागलें. अजूनही पार्लमेंटच्या विधेयकास राजाची संमति मिळाली हें जुन्या फ्रेंच शब्दांतच जाहीर करतात. त्या काळीं इंग्रजींत गेलेला ‘बूजेत’ हा शब्द चामड्याच्या लहानशा पिशवीचा. इंग्लंडांत त्याचें ‘बजेट’ झालें, आणि तो माहेरीं परतला तेव्हां त्या पिशवींत सबंध राज्याचा जमाखर्च मावला होता. सगळ्याच लेकी अशा भाग्यवान झाल्या नाहींत. कित्येकींचें रूप तेंच राहिलें, पण सासरच्या संवयी इतक्या अंगवळणीं पडल्या कीं माहेरच्या माणसांनीं हाक मारली तर त्या भलत्याच अर्थानें ओ देतात. अशा शब्दांना फ्रेंच लोक ‘खोटे मित्र’ म्हणतात. १९२८ सालीं केस्लर आणि देरोकिन्यी या दोघां विद्वानांनीं त्यांच्यावर एक सबंध ग्रंथच लिहिला. त्याच्या नांवांत इंग्रजी शब्दसंपत्तीच्या ‘विश्वासघातां’चा उल्लेख आहे. नांव कडक आहे, पण मला तें अन्यायाचें वाटत नाहीं.

माझ्या वर्गांत आठ वर्षांपूर्वीं एक हिशेबनीस आले. वय ५४, एका यंत्रांच्या कारखान्यांत तीस वर्षें नोकरी झालेली. कारखाना नुकताच इंग्रजी बोलणाऱ्या मालकांच्या हातीं गेला होता. नव्या मालकांनीं कोणास काढलें नाहीं. एवढेंच कळविलें कीं यापुढें महिन्याचा अहवाल आणि परदेशच्या देण्याघेण्याचीं पत्रें इंग्रजींत व्हावीं, आणि वर्षअखेर ज्यांना तें जमणार नाहीं त्यांना दुसरें काम द्यावें. दुसरें काम म्हणजे मागल्या कोठींत मालाची मोजदाद, हें सर्वांना ठाऊक होतें.

धंद्याचे म्हणून जे खास शब्द असतात ते या गृहस्थांनीं तीन आठवड्यांत पाठ केले. ‘फाक्त्यूर’ला इंग्रजींत ‘इन्व्हॉइस’ म्हणतात, वर्षाच्या एकूण उलाढालीला ‘टर्नओव्हर’. एकास एक जोडी जुळली कीं काम संपलें. बाजारांत मिळणारीं पाठ्यपुस्तकें असल्याच शब्दांच्या याद्यांनीं फुगलेलीं असतात, आणि तीं घेण्यांत लोक विनाकारण पैसे घालवितात असें माझें मत आहे. कारण त्यांचा घात ‘इन्व्हॉइस’नें केला नाहीं, ‘डिमांड’नें केला.

एका इंग्रज व्यापाऱ्याचें बिल चुकतें करावयास थोडी सवड हवी होती. यांनीं पत्र लिहिलें (पत्र म्हणजे आतां ईमेल, हें सांगावयास नकोच): ‘वुई डिमांड अ डिले ऑफ फिफ्टीन डेज.’ फ्रेंचमध्यें ‘दमांदे’ म्हणजे मागणें, विनंति करणें; ‘देले’ म्हणजे मुदत. बिचाऱ्यांच्या मनांत होतें, ‘आम्हांस पंधरा दिवसांची मुदत मिळावी ही विनंति.’ इंग्रजानें वाचलें, ‘आम्ही पंधरा दिवस उशीर करणार, आमचें बजावून सांगणें आहे.’ त्याचें उत्तर तुटक आलें. त्यावर यांनीं खेदानें लिहिलें कीं आपल्या उत्तरानें आमची मोठी निराशा झाली. निराशेला फ्रेंचमध्यें ‘देसेप्स्यों’ म्हणतात. इंग्रजी ‘डिसेप्शन’ म्हणजे फसवणूक! उलट टपालीं निरोप आला कीं यापुढें रोख रक्कम आगाऊ आल्याखेरीज माल पाठविला जाणार नाहीं.

त्या संध्याकाळीं ते वर्गांत आले ते कोट न काढतांच बसून राहिले. म्हणाले, “मोंस्य, तीस वर्षें मी पत्रें लिहितों आहें. लोकांकडून पैसे वसूल करण्याचींही लिहिलीं. पण माझ्या पत्रानें कोणाचा अपमान झाला असें कधीं घडलें नाहीं.” तें खरेंच असलें पाहिजे. फ्रेंच व्यापारी पत्राचा शेवट म्हणजे आपल्या जुन्या ‘कळावें, लोभ असावा, ही विनंति’ याहूनही लांब आणि अदबीचा असतो. त्यांत कोणास किती आदर द्यावयाचा याचें माप ठरलेलें असतें, आणि हें माप त्यांच्या हातांत पक्कें बसलेलें होतें. इंग्रजींत आल्याबरोबर तोच मनुष्य उर्मट ठरला. परक्या भाषेंत चूक झाली तर लोक हंसतात, असें आपण समजतों. हंसतात तेव्हां बरें असतें. सोयऱ्या शब्दाची चूक मात्र चूक म्हणून ओळखूंच येत नाहीं. वाक्य व्याकरणशुद्ध असतें, आणि दोष शब्दाच्या पदरीं न पडतां माणसाच्या स्वभावाच्या पदरीं पडतो.

‘डिमांड’ निदान भांडण तरी उघड करतो. मला स्वतःला ‘इव्हेंच्युअली’ अधिक भयंकर वाटतो. फ्रेंच ‘एव्हांत्युएलमां’ म्हणजे ‘जमल्यास, कदाचित्’. इंग्रजी ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे ‘अखेरीस’. फ्रेंच मनुष्य समजतो आपण नुसती शक्यता बोललों. इंग्रज समजतो आपल्याला वचन मिळालें. दोघेही समाधानानें झोपतात. ‘अ‍ॅक्च्युअली’ची तऱ्हा निराळी. ‘सध्या आम्हांस नफा होत आहे’ असें सांगावयाचें असतां आमचे हिशेबनीस सभेंत ‘अ‍ॅक्च्युअली आम्हांस नफा होतो’ असें म्हणाले, आणि समोरच्या मंडळींनीं एकमेकांकडे पाहिलें. जणूं आजवर उलट कांहीं सांगण्यांत येत होतें!

शब्दांनीं दगा दिला तरी आंकडे आपले, अशी त्यांची समजूत होती. तीही टिकली नाहीं. फ्रान्समध्यें स्वल्पविराम हें दशांशचिन्ह. तेव्हां १,५०० हा आंकडा इंग्रजास दीड हजार दिसतो, तर फ्रेंचास नुसता दीड. शंभर कोटींना फ्रेंच ‘मिलियार’ म्हणतात आणि त्यांचा ‘बिल्यों’ त्याच्या हजारपट. इंग्रजांचा ‘बिलियन’ मात्र शंभर कोटींचाच, ब्रिटिश सरकारनेंही १९७४ पासून तोच धरला. मीं त्यांना आपले लक्ष-कोटींचे स्वल्पविराम दाखविले तेव्हां ते बऱ्याच दिवसांनीं हंसले.

कायदा त्यांच्या उपयोगीं पडावा असें वाचकांस वाटेल. १९९४ चा, मंत्री तुबों यांच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा फ्रेंच भाषेच्या रक्षणासाठींच आहे. कामास लागणारे कागद नोकरांस फ्रेंचमध्येंच मिळाले पाहिजेत असा त्यांचा हक्क आहे, आणि २००६ सालीं व्हेर्सायच्या अपील न्यायालयानें एका अमेरिकन उद्योगाच्या फ्रेंच शाखेस याच कारणासाठीं ५,८०,००० यूरोंचा भुर्दंड दिला. परंतु परदेशाहून आलेले अथवा परकीयांसाठीं असलेले कागद त्यांतून वगळले आहेत. म्हणजे आमच्या हिशेबनिसांचें टेबल नेमकें त्या भिंतीच्या बाहेर. आपल्याकडे शिवाजी महाराजांनीं रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करविला आणि फारसी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द योजविले. तो उद्योग थोर होता. तरी ‘हिशेबनीस’ हा शब्द मीं वर बेलाशक वापरला आणि कोणास खटकला नसेल.

त्यांनीं शेवटीं स्वतःचाच उपाय काढला. हिशेबाची एक वही घेतली, मधोमध रेघ मारली. डावीकडे आपल्या घरचा अर्थ, उजवीकडे सासरचा. नवा शब्द नोंदवावयाचा नाहीं, फक्त ओळखीचा नोंदवावयाचा, असा नियम. त्या इंग्रज व्यापाऱ्यास त्यांनीं वहींतले दोन शब्द समजावून देणारें साधें पत्र लिहिलें. उधारी पुन्हां सुरू झाली. वर्षअखेर त्यांचें टेबल जागचें हाललें नाहीं.

आतां ते निवृत्त होण्याच्या बेतांत आहेत. त्यांच्या जागीं येणारी मुलगी लंडनला राहून आलेली. तिचें इंग्रजी आम्हां दोघांपेक्षां सफाईचें आहे. परवां तिनें लिहिलेल्या एका फ्रेंच पत्राचा मसुदा ते मला दाखवीत होते. सोमवारीं दुरुस्तीसाठीं कारखाना नक्की बंद राहील, असें गिऱ्हाइकास कळवावयाचें होतें. ‘नक्की’साठीं तिनें इंग्रजी ‘डेफिनेटली’च्या वळणावर ‘देफिनितिव्हमां’ हा शब्द घातला होता. फ्रेंचमध्यें त्याचा अर्थ ‘कायमचा’. त्यांनीं त्या शब्दाखालीं तांबड्या पेन्सिलीची रेघ ओढली, मग खिशांतून ती जुनी वही काढली, आणि उजव्या बाजूच्या समासाशीं तिसरा रकाना आंखूं लागले.