ढवळ्या, पवळ्या आणि तसबीर

व्यवसायाच्या कामी जी एक तसबीर आपल्या नावाशेजारी लावावयाची असते, ती रंगीत असावी की कृष्णधवल, हा प्रश्न वरवर पाहता उभ्या उभ्या निकालात काढण्याजोगा आहे. परंतु तो माझ्या मनातून हलावयास तयार नाही, आणि जितका अधिक विचार करावा तितका तो आपली हद्द ओलांडून भलत्याच मुलखात शिरतो आहे.

बदलापूरच्या स्टुडिओत छायाचित्रकाराने एकच तसबीर पडद्यावर दोन्ही परींनी दाखविली. रंगीत होती तेव्हा कानाच्या पाळ्यांची लाली, चष्म्याच्या काचेवर उतरलेली दिव्याची हिरवट रेघ, सदऱ्याचा फिकट आकाशी रंग, हे सारे एकदम बोलत होते. त्याने कळ दाबताच ते गप्प झाले आणि कपाळावरच्या आठ्या तेवढ्या पुढे आल्या. "ह्यात वजन येतं, सर," तो म्हणाला. चामटोलीला घरी आल्यावर आत्याने तीच तसबीर हातात धरली, दूर नेली, पुन्हा जवळ आणली आणि म्हणाली, "हार तेवढा घालायचा राहिलाय रे." मला वाटते, दोघांनाही दिसली ती एकच गोष्ट, त्याने तिला वजन म्हटले आणि तिला त्यात हार दिसला.

कारण हे वजन येते कोठून? वाचनालयाच्या सभागृहात, शाळेच्या कार्यालयात, जुन्या पेढीच्या गादीमागे ज्या तसबिरी ओळीने लावलेल्या असतात, त्यांतील थोर माणसांनी कृष्णधवल रंग पसंत केला होता असे नव्हे; त्यांच्या काळी दुसरे काही सहजी मिळतच नव्हते. 'प्रभात' फिल्म कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' हा चित्रपट रंगीत करण्याची हिंमत धरली, दिग्दर्शक शांतारामबापू त्यासाठी जर्मनीपर्यंत गेले, आणि तरीही रंग मनाजोगे उतरले नाहीत. मग गावोगावच्या छायाचित्रकाराची काय कथा! जी केवळ त्या काळाची मर्यादा होती तिला पुढे भारदस्तपणाची कळा आली, आणि आज मी हयात असताना स्वखुशीने रंग पुसून त्या ओळीत जाऊन बसू पाहतो, हे मनाला खटकते.

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला" ही म्हण त्यामुळेच या दिवसांत माझ्या तोंडी वारंवार येते. तिचा व्यवहारातला अर्थ संगतीच्या दोषाविषयी आहे आणि तो सर्वमान्य आहे; परंतु म्हणीत नेमका कोणाचा गुण कोणाला लागला, हे कोठे सांगितले आहे? ढवळ्या पांढरा, पवळ्या तांबूस, हे ठरलेले. गोठ्यात आधी ढवळ्या होता, पवळ्या मागाहून आला, हेही शब्दांवरून दिसते. पण खट्याळ कोण आणि गरीब कोण, याचा पुरावा म्हणीत नाही. आपण मात्र नव्याने आलेल्याला बिनदिक्कत आरोपी करतो. लहानपणी आमच्याकडे भातलावणीच्या चिखलणीला जी जोडी येई तिच्यातला तांबडा बैल शांतपणे जू मानेवर घेई आणि पांढरा नांगरासकट बांधाकडे ओढ घेई. पाऊस पडला की दोघेही गुडघ्यापर्यंत एकाच चिखलाच्या रंगाचे होत, आणि संध्याकाळी उल्हास नदीवर धुऊन आणले की ज्याचा त्याला वाण परत मिळे. म्हणीत वाण तेवढा अभंग राहतो, गुण मात्र बदलू शकतो. तसबिरीच्या बाबतीत तर हे उलटेच घडते: मी वाण टाकतो तो अशासाठी की, शेजारच्या ओळीतला गुण मला लागावा, निदान लागला आहे असे पाहणाऱ्यास वाटावे. असे मिळविलेले वजन उसनेच. तथापि वाणही तितका अभंग आहे काय, याबद्दल मला पुढे शंका येऊ लागली.

आमच्या आजीची एक जुनी तसबीर आहे, तीत तिच्या कपाळावरचे ठसठशीत कुंकू काळेभोर उमटले आहे. छायाचित्र ज्या काचेवर घेत त्या जुन्या काचेला तांबडा रंग दिसतच नसे आणि निळा मात्र फाजील दिसे; म्हणून कुंकू काळे होई आणि आकाश कोरे राही. सर्व रंगांना दाद देणाऱ्या काचा १९०६ पासून बाजारात मिळू लागल्या, पण त्या सर्वत्र रुळावयास पुष्कळ काळ गेला. आजचे यंत्र रंग काढून टाकते तेव्हा त्याचा शिरस्ता वेगळाच: प्रचलित हिशेबाप्रमाणे शंभरांत सुमारे ५९ वाटे हिरव्याला, ३० तांबड्याला आणि अवघे ११ निळ्याला. म्हणजे कृष्णधवल असे एक काही नाहीच. कोणत्या रंगाला किती मान द्यावयाचा, याचा निवाडा कोणी तरी आपल्या परस्पर केलेला असतो. अंबरनाथच्या शके ९८२ च्या शिवालयाचा काळा पाषाण या निवाड्यात फारसे काही गमावीत नाही, उलट रंग गेल्यावर त्यावरील शिल्पे अधिक स्पष्ट दिसतात. परंतु कुंकू गमावते.

आणि येथे मला बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर आठवते. त्यांची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांतल्या कोटाचा रंग कोणता, याची जबानी ती छायाचित्रे स्वतः देत नाहीत. तरीही आज आमच्या भागातील चौकाचौकांत, घराघरांत, जयंतीच्या मिरवणुकीत त्यांचा कोट निळा आहे, आणि कोणाला त्याबद्दल तिळमात्र संदेह नाही. १९४२ साली त्यांनी स्थापन केलेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता. तो निळा रंग लोकांनी आपल्या हातांनी त्यांच्या अंगावर चढविला. यंत्राच्या हिशेबात ज्या रंगाला सर्वांत कमी वाटा, तोच लोकांनी त्यांना भरभरून दिला. ही तसबीर खरी की ती, असे विचारण्याचे मला धैर्य होत नाही. कॅमेऱ्याने जे टिपले नाही ते प्रेमाने भरून काढले असेल, तर त्याला खोटे कोणत्या तोंडाने म्हणावे? इतके दिवस मी समजत होतो की, रंग म्हणजे जे होते त्याचा दाखला आणि कृष्णधवल म्हणजे त्यात केलेली वजावट. त्या निळ्या कोटापुढे माझा हा सिद्धांत टिकत नाही.

मग मी रंग पुसून उसने वजन घेतो आहे, की पुढच्यांना भरावयास जागा मोकळी सोडतो आहे? दुसरे म्हणावे तर ती मोठ्यांची गोष्ट झाली. ज्याचा रंग भरावयास लोक पुढे येतात, त्याने तो आधी मिळविलेला असतो. रंगीतच ठेवावी तर आकाशी सदरा आणि कानांची लाली हे माझेच, यात वाद नाही. परंतु आजीच्या कुंकवाबद्दलही त्या काचेने अशीच खात्री दिली असती. पारपत्राच्या अर्जाला रंगीत तसबीर आणि पांढरी पार्श्वभूमी लागते. तेथे सरकारने विचाराचा भार माझ्यावरून उतरविला आहे. येथे तो कोणी उतरवीत नाही, आणि आत्याला पुन्हा विचारावे तर तिचे उत्तर मला ठाऊक आहे, ते चुकीचे आहे असेही मला म्हणता येत नाही.