तेरीज जुळली, तरी...



आमच्या घरात पाण्याचे नियम जुने. गाळायचं, उकळायचं, सूर्यास्तानंतर घोटही नाही. त्यामुळे यांचं डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी दिवसाला एक लिटरची मर्यादा घातली, तेव्हा वाटलं, एवढं जमेल आपल्याला. चहा, ताक, आमटी सगळं त्यातच धरायचं. मी वही घातली. रोज सकाळी वजन करायचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हिशोब सोपा.

डायलिसिसनंतर वजन ५८ किलो भरायला हवं. याला 'ड्राय वेट' म्हणतात, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. दर वेळी ५८ भरायचं. तरी पाय सुजायचे, आडवं झालं की दम लागायचा. मला वाटलं, हे चोरून पाणी पितात. एकदा नको ते बोलले. हे गप्प राहिले.

मग डॉक्टरांनी बायोइम्पिडन्स तपासणी सांगितली. झोपवून हातापायाला पट्ट्या चिकटवल्या आणि अंगातून अगदी मंद वीज सोडली. यांना काही जाणवलंही नाही. पाण्यातून वीज सहज जाते, चरबीतून फारशी जात नाही. त्यावरून पेशींच्या आत पाणी किती, बाहेर किती, याचा अंदाज यंत्र देतं. अडीच लिटर जादा निघालं!

महिनोन् महिने मांस झडत होतं आणि पाणी त्याची जागा घेत होतं. काटा मात्र ५८ वरच. बी. कॉम.ला शिकलेलं आठवलं. तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, जुळली म्हणून हिशोब बरोबर असतोच असं नाही. कधी एक चूक दुसरीला झाकते.

आणि चूक माझ्याच वाटीत होती. डायलिसिसच्या आधी डाळ कमी करायला सांगितली होती, ते पथ्य मी नंतरही पाळत बसले. डायलिसिसमध्ये प्रथिनं वाहून जातात, म्हणून ती जास्त लागतात. हे मी विचारलंच नव्हतं.

आता ड्राय वेट हळूहळू साडेपंचावन्नवर आणलंय. पायांची सूज उतरली. मुगाची डाळ आणि पनीर आहारतज्ज्ञांनी दिलेल्या मापाने वाढते.

क्षमावाणीला मी दरवर्षी सगळ्यांना 'उत्तम क्षमा' म्हणते. या वेळी पर्वाची वाट पाहिली नाही. सकाळी यांचं पाणी मोजतानाच म्हणून टाकलं.

हे म्हणाले, "मग आज दोन घोट जास्त दे."

दिले नाहीत.