चार सेकंदांचा फोटो

आपोआप फोटो बदलणारी चौकट बनवायला फार हुशारी लागत नाही. सगळे फोटो एकावर एक रचायचे, एकच दिसू द्यायचा, बाकीचे पारदर्शक ठेवायचे. मग जावास्क्रिप्टला सांगायचं: दर 4000 मिलिसेकंदांनी क्रमांक एकाने वाढव, त्याला एकूण फोटोंच्या संख्येने भाग आणि बाकी उरेल तो फोटो दाखव. संगणक शून्यापासून मोजतो, म्हणून पाच फोटोंचे क्रमांक 0 ते 4. चारात एक मिळवला की पाच. पाचाला पाचाने भागलं की बाकी शून्य. चक्र पुन्हा पहिल्या फोटोवर. शाळेतला भागाकार एवढंच भांडवल.

खरं काम त्या 4000 या आकड्यात आहे. तेलंगणातल्या जैनथ गावच्या लक्ष्मीनारायण स्वामींच्या देवळासाठी अशी चौकट बांधताना ते जाणवलं. दगडी भिंती, कार्तिकातली गर्दी, पैनगंगेचं पात्र यांना चार सेकंद पुरतात. पण जैनथचा शिलालेख? त्यात परमार वंशातल्या जगद्देवाच्या पराक्रमाचं वर्णन आहे, लोलार्क नावाच्या माणसाची पत्नी पद्मावती हिने मंदिर बांधल्याची नोंद आहे. डोळा पहिल्या ओळीवर ठरतो न ठरतो, तोच फोटो सरकतो.

चित्र कधी सरकवायचं हा प्रश्न जुनाच आहे. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी 1892 मध्ये शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले. हाताने रंगवलेल्या काचपट्ट्या दिव्यापुढे सरकवून ते पडद्यावर पुराणकथा दाखवत. तिथे पट्टी सरकवणारा माणूस प्रेक्षकांसोबत त्याच जागेत असे. लोक चित्रात गुंतले तर हात थांबवणं त्याला जमे. माझ्या कोडला समोरचा माणूस दिसत नाही. मग थांबवायचा हक्क बघणाऱ्याकडेच द्यायला हवा. वेबच्या जागतिक सुगम्यता-निकषांतही हेच आहे: आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल थांबवण्याची सोय हवी.

म्हणून चौकटीखाली थांबवायचं ठळक बटण आलं. माऊस फोटोवर नेला की चक्र थांबतं. ज्यांनी आपल्या फोनवर हालचाल कमी ठेवण्याची सेटिंग निवडली आहे, त्यांच्याकडे ते सुरूच होत नाही.

शिलालेखाला मात्र किती सेकंद द्यावेत? आठ? वीस? जुनी लिपी जाणणारा तासभर रेंगाळेल, नातवंडाला घेऊन बसलेली आजी क्षणात पुढे जाईल. शेवटी त्या फोटोला घड्याळ लावलंच नाही. खाली आशय मराठीत आणि तेलुगूत लिहिला. त्या फोटोवर पोचलं की चक्र थांबतं आणि कुणी बोट लावलं तरच पुढे जातं.